बारा महिन्यांचा नियम

दिगंबर सबनीसांनी उभ्या आयुष्यात स्वतःच्या डोक्याने एकच नियम केला, आणि नेमका तोच त्यांना पाळता आला नाही. सरकारने केलेले नियम मात्र त्यांनी एकतीस वर्षं डोळ्यांत तेल घालून पाळले. खिदिरपूरच्या गोदीत ते कस्टम्समध्ये होते. कागदावर एक आणि पेटीत दुसरंच असलं, की सबनीससाहेबांच्या भुवया आपोआप वर जातात, असं त्यांच्या हाताखालचे कारकून कौतुकाने सांगत. असा माणूस म्हातारपणी एका साध्या वहीत खोट्या नोंदी करील, हे कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी खरं वाटलं नसतं.

वही होती मराठी मंडळाच्या वाचनालयाची. वाचनालय म्हणजे कालीघाटजवळच्या एका गल्लीत, मिठाईच्या दुकानावरची खोली. चार लोखंडी कपाटं, अकराशे पुस्तकं, एक पंखा, आणि खालून येणारा पाकाचा वास. दर रविवारी साडेदहा ते एक. पुस्तकं विकत घ्यायला मंडळाकडे कधी काही नव्हतंच. इथे रीत अशी पडून गेली होती, की बँकेतला नाहीतर केंद्र सरकारातला कुणी बदली होऊन निघाला, की सामानाच्या ट्रकमध्ये न मावलेली पुस्तकं त्याने या कपाटांत ठेवून जायची. त्यामुळे निम्म्या पुस्तकांच्या पहिल्या पानावर अशा माणसांची नावं होती, ज्यांना आता इथे कुणी ओळखत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर सबनीस या खोलीचे ग्रंथपाल झाले. झाले म्हणजे काय, दुसरं कुणी तयार नव्हतं. पहिल्याच वर्षी गुरुदत्त केंकरे नावाच्या बँकेतल्या एका गृहस्थाने विनोदी लेखांचं एकच पुस्तक आठ महिने सोडलं नाही. दर पंधरवड्याला यायचं, परत केल्यासारखं करायचं आणि पुन्हा आपल्याच नावावर न्यायचं. लोक कुरकुरायला लागले. सबनीसांनी पुठ्ठ्यावर ठसठशीत अक्षरांत लिहून कपाटाला टांगलं: ‘एकदा नेलेले पुस्तक त्याच सभासदास बारा महिन्यांच्या आत पुन्हा मिळणार नाही.’ केंकरे तो वाचून म्हणाले, “सबनीस, अहो हे पुस्तक आहे की लस? वर्षातून एकदाच टोचून घ्यायची?” सगळे हसले. सबनीस हसले नाहीत. आवडीचं पुस्तक परत परत वाचावं, पण त्यालाही काही मर्यादा हवी; दुसऱ्याचा विचार हवा, असं एक छोटं भाषण त्यांनी तिथल्या तिथे दिलं. केंकऱ्यांची पुढच्या वर्षी पाटण्याला बदली झाली. पुठ्ठा राहिला.

कुंपणच शेत खातं म्हणतात, ते असं. कारण दुसऱ्यांच्या आवडीला मर्यादा घालणाऱ्या या माणसाचं स्वतःचं एक पुस्तक होतं. कोकणातल्या एका दीपगृहाच्या रखवालदाराची कादंबरी. साठ वर्षांपूर्वी छापलेली, नंतर कुणी पुन्हा न छापलेली, निळ्या कापडी बांधणीची, तीनशे बारा पानं. सबनीस नवीन बदलून आले तेव्हा त्यांच्या पत्नी शकुनताई बाळंतपणासाठी माहेरी, सांगलीला होत्या. सरकारी क्वार्टरमध्ये एक खाट आणि एक स्टोव्ह. बंगाली कळत नव्हतं आणि मराठी बोलायला कुणी नव्हतं. पहिल्याच रविवारी ते मंडळात गेले आणि हाताला लागलं ते हे पुस्तक घेऊन आले. समुद्रात खडकावर एकटा राहणारा तो माणूस, रोज संध्याकाळी दिवा लावणारा, वहीत वारा-पाऊस लिहिणारा. सहा महिने सबनीसांना त्याचीच सोबत होती. ती सोबत पुढे सुटली नाही. सुरुवातीला वर्षातून एकदा, बहुधा दुर्गापूजेच्या सुट्टीत. मग कार्यालयात काही बिनसलं की. निवृत्तीनंतर तर कारणही लागेना. पायात गोळे आले, मुलीचा फोन आला नाही, नुसता मंगळवार असला तरी पुस्तक उघडायचं.

“अहो,” शकुनताई म्हणायच्या, “तो रखवालदार तुम्हाला पाठ आहे हे ठाऊक आहे मला. आता त्याला तुम्ही पाठ झाला असाल.”

पण बारा महिन्यांचा नियम? सबनीसांनी त्यातून वाट काढली. गाव सोडताना माणसं गॅस, दूध, वर्तमानपत्र सगळं आठवणीने बंद करतात, पण वाचनालयातलं नाव कुणी काढत नाही. वहीत अशी साठ-सत्तर नावं होती. माणसं गेलेली, नावं राहिलेली. सबनीस त्यातलंच एखादं नाव घालून पुस्तक घरी नेत. त्यात लाडकं नाव श्यामराव आठल्यांचं. आठल्ये एका पोलादाच्या कारखान्यातले. बायको गेल्यावर नाशिकला मुलाकडे राहायला गेले होते. पण खजुराच्या नव्या गुळासाठी हिवाळ्यात महिना-दीड महिना कोलकात्याला यायचे आणि जुन्या बंगाली शेजाऱ्यांकडे उतरायचे. त्यामुळे त्यांचं नाव खपून जाई. यात चोरी आहे असं सबनीसांना वाटत नव्हतं. दुसरं कुणी ते पुस्तक मागतच नव्हतं ना! मग कुणाचं काय गेलं?

आणि मग मंगलाताई वाकणकरांनी ते मागितलं.

मंगलाताई पंचाहत्तरीच्या, सबनीसांहून सहा-सात वर्षांनी मोठ्या. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत होता, तो गेल्याला बरीच वर्षं झाली. लेक गार्डन्स भागात एकट्या राहत. वाचनालयाची मुदत पंधरा दिवसांची, त्या आठव्या दिवशी पुस्तक परत आणणाऱ्या. गेल्या वर्षी, सतरा मार्चला, त्यांनी ‘दीपगृह’ नेलं होतं आणि परत देताना त्यावर हात ठेवून म्हणाल्या होत्या, “फार दिवसांनी कुणाशीतरी नीट बोलल्यासारखं वाटलं.” सबनीसांना त्याचा आनंद व्हायला हवा होता. त्यांना थोडासा राग आला. आपल्या पाटावर दुसरं कुणी बसून गेल्यासारखं वाटलं.

त्याच नोव्हेंबरात, कालीपूजेनंतरच्या रविवारी, मंगलाताई पुन्हा आल्या.

“सबनीस, ते दीपगृहाचं पुस्तक आहे का हो? परत एकदा वाचावंसं वाटतंय.”

पुस्तक त्या क्षणी सबनीसांच्या पाठीमागे, खुर्चीला अडकवलेल्या कापडी पिशवीत होतं. एकशे चाळिसाव्या पानात बसचं तिकीट खोचलेलं. त्यांनी हात मागे नेला असता तरी पुरलं असतं.

“ते बाहेर आहे,” सबनीस म्हणाले. खोटं बोलणारा माणूस एका कारणावर थांबत नाही, हे त्यांना गोदीतल्या अनुभवाने चांगलं ठाऊक होतं. तरी ते पुढे बोललेच. “हे बघा, आठल्यांकडे आहे. सत्तावीस ऑक्टोबर. यंदा लवकर आलेत ते. आणि शिवाय तुमचे बारा महिने कुठे झालेत? मार्चमध्ये नेलं होतंत.” त्यांनी वही फिरवून त्यांच्यासमोर धरली.

मंगलाताईंनी वहीवर वाकून, बोट ठेवून ती ओळ वाचली. जरा जास्तच वेळ लावला. मग सरळ होत म्हणाल्या, “बरं. मार्चमध्ये येते.”

“दुसरं काही देऊ?”

“नको. आज नको.”

त्या जिना उतरून गेल्या आणि सबनीसांना हायसं वाटलं. बसमध्ये बसून त्यांनी एकशे चाळिसावं पान उघडलं. पण का कोण जाणे, त्या दिवशी मन लागेना. पंधरवड्याने त्यांनी पुस्तक कपाटात नेऊन ठेवलं आणि त्यात चिठ्ठी घातली: ‘सौ.’ लिहून ते खोडलं आणि पुढे ‘श्रीमती मं. वाकणकर यांच्यासाठी राखीव.’ त्या चिठ्ठीचं त्यांना स्वतःचंच कौतुक वाटलं. नंतर चार महिने त्यांनी पुस्तकाला हात लावला नाही. आपण मोठा त्याग करत आहोत, अशा चेहऱ्याने ते घरात वावरत होते.

यंदाच्या मार्चमध्ये, तेवीस तारखेला, मंगलाताई आल्या. बरोबर त्यांचा मुलगा शंतनु होता. तो न्यू टाउनमध्ये एका कंपनीत नोकरीला. त्याने आईचा दंड धरला होता, आणि मंगलाताई प्रत्येक पायरी पायाने चाचपत वर येत होत्या.

“सबनीस, सोमवारी बारा महिने झाले,” त्या म्हणाल्या. “आता मिळेल ना?”

बोलताना त्या सबनीसांच्या कानाकडे बघत होत्या. सबनीसांना वाटलं, आपल्या मागे कुणी उभं आहे. त्यांनी वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

“हो हो, राखूनच ठेवलंय तुमच्यासाठी,” त्यांनी ऐटीत चिठ्ठी काढून पुस्तक पुढे केलं. मंगलाताईंचा हात ते जिथे होतं त्याच्या वीतभर डावीकडे गेला. मग सापडलं. त्यांनी कापडी बांधणीवरून अंगठा फिरवला, पुस्तक नाकाशी नेलं, उघडून डोळ्याच्या कडेशी तिरकं धरलं आणि मिटलं.

“आईला वाचायला नाही जमत आता, काका,” शंतनु म्हणाला. “डोळ्याच्या पडद्याचा प्रॉब्लेम आहे. मधलं सगळं गेलंय. साइडचं दिसतं थोडं. मी तिला माझ्याकडे घेऊन गेलो, न्यू टाउनला.”

“कधी… कधीपासून?”

“डॉक्टरनी ऑक्टोबरमध्ये सांगितलं. इंजेक्शन पण दिली. जानेवारीपर्यंत ती वाचत होती, भिंग घेऊन. मग एकदम डाउन झालं.”

“मग पुस्तक…” सबनीसांच्या तोंडून निघून गेलं.

“माझी पाळी आहे ती,” मंगलाताई म्हणाल्या. “नाव लिहा. शंतनु वाचून दाखवणार आहे.”

सबनीसांनी वहीत नाव लिहिलं. ऑक्टोबर. म्हणजे नोव्हेंबरात त्या आल्या, तेव्हा त्यांना माहीत होतं. नोव्हेंबर, डिसेंबर, अर्धा जानेवारी. त्यांच्या डोळ्यांत अजून अक्षरं होती तेव्हा पुस्तक आधी या पिशवीत होतं, आणि नंतर कपाटात, राखीव अशी चिठ्ठी लावून, नुसतं पडलेलं.  त्या दिवशी त्यांनी साडेअकरालाच वाचनालय बंद केलं.

दुपारी जेवताना त्यांनी शकुनताईंना सगळं सांगितलं. पिशवी, आठल्ये, वही, एकही गोष्ट लपवली नाही. शकुनताईंचा वाढायचा हात थांबला.

“तुम्ही त्या बाईला नियम दाखवलात? आणि पुस्तक तुमच्या पिशवीत?”

“मला काय माहीत गं, डोळ्यांचं…”

“डोळे धडधाकट असते, तर चाललं असतं का?”

 आमटी निवून गेली. भाताची शितं सबनीस ताटाच्या कडेला लोटत राहिले. सत्तर-ऐंशी वेळा वाचलं होतं त्यांनी ते पुस्तक. शंभर वेळाही असेल. आणि मंगलाताईंना दुसऱ्यांदा वाचायचं होतं, तर आपण हात मागे नेला नाही. इतकं क्षुद्र काही आपल्या हातून कधी घडलं नव्हतं, आणि ज्यांना मोठं पाप करायला मिळतं त्यांचा त्यांना त्या घटकेला हेवा वाटला. निदान सांगताना लाज तरी कमी वाटत असेल.

“मी काय करू?” त्यांनी विचारलं.

“मला काय विचारता? मी का माफ करणारी? जन्मभर लोकांच्या पेट्या उघडायला लावल्यात. आता स्वतःची उघडा, जाऊन.”

आठवड्याने सबनीसांनी शंतनुला फोन केला. वाचन कुठवर आलं? शंतनु ओशाळा हसला. त्याचं सगळं शिक्षण इथलंच. मराठी तो बोलायचा ती आईशी, तेवढीच. लिपी हिंदीमुळे येत होती, पण जुन्या वळणाची ती लांबलांब वाक्यं त्याच्या जिभेला पेलेनात. एका पानाला वीस मिनिटं. चौथ्या पानावर आईनेच “राहू दे रे, दमलास तू” म्हणून थांबवलं होतं. या पुस्तकाचं रेकॉर्डिंग कुठे मिळतं का, हेही त्याने शोधून पाहिलं होतं. नव्हतं.

“मी येतो,” सबनीस म्हणाले. “मंगळवारी आणि शुक्रवारी. मी वाचून दाखवतो.”

तिथे गेल्या गेल्या पहिल्यांदा सगळं खरं सांगायचं आणि मग पुस्तक उघडायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. बेहालातल्या घरून मिनीबसने एस्प्लनेड, तिथून न्यू टाउनची एसी बस, सव्वा-दीड तास. वाटेत त्यांनी वाक्यं जुळवली. अकराव्या मजल्यावर मंगलाताई खिडकीशी बसल्या होत्या. त्यांनी पोह्यांची बशी पुढे करवली आणि म्हणाल्या, “इतक्या लांबून आलात. या उन्हात माझ्यासाठी कोण येतं हो?” सबनीसांची जुळवलेली वाक्यं पोह्यांबरोबर घशाखाली गेली. त्यांनी पहिलं पान उघडलं.

पुढे तर आणखीच अवघड होऊन बसलं. शंतनुने कौतुकाने मंडळाच्या ग्रुपवर लिहिलं, आणि झालं! कुणी हात जोडले, कुणी फुलं टाकली. ‘सबनीसकाकांसारखी माणसं आहेत म्हणून मंडळ आहे.’ अनुजा पेंढारकर नावाच्या सेक्रेटरीबाईंनी वर्धापनदिनाला त्यांचा सत्कार करायचं सुचवलं. सबनीसांनी फोन उलटा करून ठेवला. चार माणसांत चपराक बसली असती तर ती सोसली असती. हे हार सोसवेनात.

वाचनाचं मात्र एक झालं. मनातल्या मनात वाचताना सबनीस आवडती पानं चाखत चाखत जायचे आणि नावडती डोळ्यांखालून घालायचे. पुस्तक इतक्यांदा वाचलेला माणूस खरं तर निम्मंच पुस्तक वाचत असतो. मोठ्याने वाचताना ही सवय लगेच उघडी पडली. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा त्यांनी पान उलटलं, तशी मंगलाताईंनी हात वर केला.

“काहीतरी गाळलंत.”

“नाही…”

“गाळलंत. तो वही लिहितो ते राहिलं. मी एकदाच वाचलंय, पण ते विसरण्यासारखं नाही.”

सबनीसांनी पान मागे घेतलं. हे पान ते वर्षानुवर्षं टाळत आले होते. तिथे जीव घाबरा होतो, एवढंच त्यांना माहीत होतं. रखवालदाराचा एका रात्री डोळा लागतो आणि दिवा विझतो. पहाटे जाग येते. बोट फुटलेली नसते, कुणी बुडालेलं नसतं. एक मचवा रात्रभर बाहेर चुकत राहून उजाडल्यावर धक्क्याला लागतो, इतकंच. रखवालदार वही ओढतो आणि लिहितो: ‘दिवा रात्रभर सुरळीत.’

ते तीन शब्द सबनीसांनी वाचले आणि पुस्तक मांडीवर टेकवलं. पस्तीस वर्षं ते या माणसाच्या बाजूने होते. बिचारा, दमला असेल, असंच म्हणत आले. त्या मचव्यात कोण होतं, हे त्यांनी कधी मनात आणलं नव्हतं. आता तो मचवा खिडकीशी बसून त्यांच्या कानाकडे बघत होता.

“मंगलाताई,” ते म्हणाले, “नोव्हेंबरात तुम्ही आलात तेव्हा हे पुस्तक बाहेर नव्हतं. माझ्या पिशवीत होतं. आठल्यांचं नाव मी खोटं घातलं होतं. मी नेहमीच घालतो. मला ते वाचायचं होतं, म्हणून तुम्हाला दिलं नाही.”

खाली कुठेतरी कुकरची शिट्टी झाली. मंगलाताईंनी पदर नीट केला.

“मला माहीत होतं,” त्या म्हणाल्या.

“काय?”

“श्यामराव गणपतीतच गेले हो. नाशिकला. त्यांच्या बायकोची आणि माझी मैत्री होती, मी दर गणपतीला फोन करते. सुनेने सांगितलं. इथे तुम्हा लोकांना कळवायचं राहून गेलं. आणि तुम्ही मला वही दाखवलीत, तर श्यामराव सत्तावीस ऑक्टोबरला पुस्तक घेऊन गेलेले.”

 मेलेल्या माणसाच्या नावावर आपण पुस्तक नेत होतो, हे सबनीसांना आत्ता कळत होतं.

“मग तुम्ही तेव्हाच बोलला का नाहीत?”

“काय बोलायचं? म्हटलं, मेलेल्या माणसाच्या नावावर जो पुस्तक ठेवून घेतो, त्याला ते माझ्यापेक्षा जास्त हवं असणार. मला वाटलं, तुमच्या घरी काही दुखणंखुपणं असेल. शकुनची काळजी वाटली मला. दोन दिवस फोन करू की नको करत होते.”

“आणि तुमचे डोळे? नुसतं सांगितलं असतंत तरी…”

“डॉक्टर सहा महिने म्हणाले होते. मार्च त्यात बसत होता,” मंगलाताई म्हणाल्या. “अंदाज थोडा चुकला.”

सबनीसांना रडू आलं. अडुसष्टाव्या वर्षी, परक्याच्या घरात, पुस्तक मांडीवर घेऊन ते लहान मुलासारखे रडले. मंगलाताईंना ते नीट दिसलं नसावं, किंवा दिसलं असावं; त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या. थोड्या वेळाने म्हणाल्या, “पाणी घ्या. आणि वाचा पुढे. अजून त्याची बायको गावाहून यायची आहे.”

त्या रविवारी सबनीसांनी वही उघडली आणि तांबड्या शाईने एकेक नाव खोडत तिथे स्वतःचं नाव लिहिलं. सहासष्ट वेळा. मग सेक्रेटरीबाईंना वही दाखवली आणि सत्कार नको म्हणून सांगितलं. बाई आधी हसल्या, मग त्यांचा चेहरा बघून त्यांनी वही मिटली. ग्रंथपालपद कुणी काढून घेईल, अशी सबनीसांना आशा होती. पण मंडळात दुसरं कुणी तयार नव्हतं, त्यामुळे तीही शिक्षा झाली नाही. पुठ्ठा काढावा असं त्यांच्या मनात आलं. काढला असता तर स्वतःलाच मोकळं केल्यासारखं झालं असतं, म्हणून राहू दिला.

पुस्तक आता न्यू टाउनलाच असायचं, मंगलाताईंच्या उशाशी. एकदा सेक्रेटरीबाईंना त्याचं मुखपृष्ठ फोटोसाठी हवं होतं, म्हणून सबनीस ते चार दिवस घरी घेऊन आले. सवयीने आरामखुर्चीत बसून त्यांनी ते उघडलं, आणि दोन ओळींवर मिटलं. शकुनताई स्वयंपाकघरातून बघत होत्या. आज त्या चिडवायला आल्या नाहीत.

मेच्या अखेरीस, एका शुक्रवारी, तीनशे बारावं पान झालं. उकाड्याने जीव नकोसा झाला होता. 

“संपलं,” सबनीस म्हणाले.

“हो. फार छान वाचता तुम्ही.” मग मंगलाताईंनी विचारलं, “सबनीस, परत पहिल्यापासून ऐकायचं असेल, तर आता पुढच्या मार्चपर्यंत थांबायला लागेल का हो?”

त्यात टोमणा नव्हता. आठव्या दिवशी पुस्तक परत करणारी ती बाई. ती खरंच विचारत होती.

“नाही, नाही,” सबनीस घाईघाईने म्हणाले. “तो नियम काढला.”

“काढलात? कधी?”

“आत्ताच.”

मंगलाताईंनी मान हलवली. त्यांचे डोळे सबनीसांच्या कानाच्या बाजूला, भिंतीवर कुठेतरी होते.

“नोव्हेंबरात काढला असतात,” त्या हळूच म्हणाल्या, “तर एकदा मी माझं मी वाचलं असतं.”

 सबनीसांनी चष्मा पुसला, पहिलं पान काढलं, आणि पंख्याच्या आवाजात ऐकू जावं म्हणून खुर्ची जरा पुढे सरकवून वाचायला लागले.